आयर्लंड : एका हरवलेल्या मातृभाषेचा इतिहास

(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात वराड नावाचे एक गाव आहे. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस त्या गावाने एका पाहुण्याचे घरच्या माणसासारखे स्वागत केले. पाहुणे होते आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांचे वडील मूळ या गावचे. वैद्यकीय व्यवसायानिमित्त ते परदेशी गेले आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ असे दोनदा लिओ वराडकर त्या देशाचे पंतप्रधान होते. त्या पदाला तिथे 'प्राइम मिनिस्टर' म्हणत नाहीत, 'टीशॉख' म्हणतात. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला 'डॉल' म्हणतात. हे आयरिश भाषेतले शब्द. परंतु त्या 'डॉल'मध्ये 'टीशॉख' उभे राहतात आणि जे बोलतात, ते बहुतांशी इंग्रजीत असते. पदाचे नाव स्वभाषेत आणि कारभार परभाषेत, हे असे का झाले, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी पाच हजार वर्षांचा प्रवास करावा लागेल. काही ठिकाणी थांबू, काही शतके ओलांडून पुढे जाऊ.

आयर्लंडचे बेट लहान आहे. उत्तर आयर्लंड धरून क्षेत्रफळ सुमारे ८४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडेसे अधिक. या बेटाच्या पूर्वेला बॉइन नावाची नदी आहे. तिच्या काठी न्यूग्रेंज येथे दगड-मातीचा एक विशाल गोल टेकाड आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० वर्षांच्या सुमारास तो रचला गेला, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी. त्याच्या पोटात एक अरुंद दगडी बोळ आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवशी, २१ डिसेंबरच्या सुमारास, उगवत्या सूर्याचा किरण दारावरील झरोक्यातून आत शिरतो आणि गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो. सुमारे सतरा मिनिटे तो गाभारा उजळतो. या ठिकाणी सूर्य आत येतो, असे आसपासच्या खेड्यांतली म्हातारी माणसे सांगत असत. विद्वानांना ती दंतकथा वाटे. १९६७ च्या डिसेंबरात मायकेल ओ'केली हे पुरातत्त्वज्ञ पहाटे त्या अंधारात जाऊन बसले आणि लोकस्मृती खरी ठरली. लोकांच्या बोलण्यात काय काय टिकून राहते, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडेल.

हे बांधणारे लोक कोण होते, त्यांची भाषा कोणती होती, हे कोणालाच ठाऊक नाही. केल्टिक भाषा तिथे त्यानंतर फार उशिरा आली. ही भाषा मात्र आपल्या दूरच्या नात्यातली आहे. आपल्याकडे 'राजन्', तर प्राचीन आयरिशमध्ये 'री'. आपले 'त्रि', त्यांचे 'त्री'. आपली 'गो', त्यांची 'बो'. ज्या बॉइन नदीचा उल्लेख केला, तिचे नाव एका देवतेवरून आले आणि त्याचा अर्थ 'श्वेत धेनू' असा लावला जातो. इथे एक सावधगिरीची सूचना करतो. आयर्लंडचे स्वतःचे नाव 'एरे', ते 'आर्य' शब्दावरून आले, असे आपल्याकडील उत्साही मंडळी सांगतात. भाषाशास्त्रज्ञांना ते मान्य नाही. ते नाव संस्कृतातील 'पीवरी', म्हणजे पुष्ट, सुपीक, या शब्दाच्या कुळातले असावे, असे अनेकांचे मत आहे. खरे नाते इतके सुंदर असताना खोटे नाते जोडण्याची आवश्यकता नाही.

रोमन साम्राज्याने शेजारचे ब्रिटन जिंकले, पण आयर्लंडवर रोमचे राज्य कधी आले नाही. त्यामुळे तिथली जुनी समाजरचना दीर्घकाळ टिकली. एकछत्री सत्ता नव्हती. लहान लहान राजे अनेक होते. देश एक होता तो राज्यामुळे नव्हे, भाषा, कायदा आणि काव्य यांमुळे. कायदा जाणणाऱ्यांना ब्रेहन म्हणत. विद्वान कवींचा 'फिली' नावाचा वर्ग होता. परंपरा सांगते की, त्यांचे अध्ययन बारा वर्षांपर्यंत चाले, आणि ते मुखोद्गत असे. आपल्याकडे एक तप, बारा वर्षांचे गुरुगृह म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्याहून ते फार वेगळे नसावे. ब्रेहन कायद्यात एक विलक्षण तरतूद होती. धनकोचा ऋणको जर मोठ्या दर्जाचा असेल, तर त्याच्या मालमत्तेला हात लावण्यापूर्वी धनकोने त्याच्या दारात उपाशी बसायचे. दारात माणूस उपाशी असताना आतला जेवला, तर त्याची पत गेली. आपल्याकडे 'धरणे धरणे' म्हणतात ते हेच. एकोणिसाव्या शतकात हेन्री मेन या कायदेपंडिताने या दोन प्रथांमधील साम्य नोंदवले. दारात उपाशी बसण्याचा हा संस्कार विसाव्या शतकात कसा प्रकट झाला, ते पुढे येईलच.

पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला. संत पॅट्रिक हे त्यातील प्रमुख नाव. ते ब्रिटनमधले, सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी त्यांना पळवून गुलाम केले होते. सहा वर्षांनी ते सुटले आणि पुढे धर्मप्रचारक होऊन त्याच देशात परत आले. तो बदल बऱ्याच अंशी रक्तपाताविना झाला. ब्रिजिद नावाची देवता होती, तिच्याच नावाची संत पूजली जाऊ लागली. १ फेब्रुवारीचा वसंतोत्सव संत ब्रिजिदचा दिवस झाला. मठांतील भिक्षूंनी लॅटिनबरोबर आयरिशही लिहून ठेवली. ख्रिस्तपूर्व देवादिकांच्या, वीरांच्या कथा त्यांनीच लेखणीबद्ध केल्या. आल्प्सच्या उत्तरेकडील युरोपात लोकभाषेतले इतके जुने साहित्य क्वचितच कुठे आढळते. इ. स. ५६३ मध्ये कोलंबा हा भिक्षू आयोना बेटावर गेला आणि तिथून आयरिश विद्या स्कॉटलंड-इंग्लंडात पसरली. एकेकाळी याच बेटाने इंग्लंडला अक्षरे गिरवायला शिकवली, ही गोष्ट इंग्रज नंतर विसरले.

७९५ पासून व्हायकिंगांच्या धाडी सुरू झाल्या. डब्लिन त्यांनीच वसवले. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या रणात ब्रायन बोरू या राजाने त्यांची सत्ता खिळखिळी केली आणि त्याच दिवशी तो मारला गेला. व्हायकिंग हळूहळू आयरिश झाले. मोठे संकट त्यानंतर दीडशे वर्षांनी आले, आणि ते आमंत्रण देऊन आणले गेले. लेन्स्टरचा राजा डर्मट मॅक्मरो याचे राज्य भाऊबंदकीत गेले. ते परत मिळवण्यासाठी त्याने इंग्लंडच्या राजाकडे साहाय्य मागितले. ११६९ मध्ये नॉर्मन सरदार उतरले, ११७१ मध्ये राजा दुसरा हेन्री स्वतः आला. राघोबादादांचा १७७५ मधला सुरतेचा तह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना डर्मटविषयी अधिक सांगायला नको.

पण श्रोतेहो, त्यानंतर जे घडले ते लक्षपूर्वक ऐकावे. दोनशे वर्षे झाली, तरी आयरिश भाषा हरली नाही. उलट जेत्यांची मुले आयरिश बोलू लागली. त्यांनी आयरिश दाया ठेवल्या, आयरिश मुलींशी लग्ने केली, आयरिश कवी पदरी बाळगले. घाबरून १३६६ मध्ये किलकेनी येथे कायदे करावे लागले की, इंग्रजांनी आयरिश बोलू नये, आयरिश नावे ठेवू नयेत, आयरिशांशी विवाह करू नयेत. गंमत अशी की, इंग्रजी भाषेच्या रक्षणाचा हा कायदा लिहिला होता नॉर्मन फ्रेंचमध्ये! तो कागदावरच राहिला. १५३७ मध्ये इंग्रजी भाषा आणि वेष यांच्या सक्तीचा आणखी एक कायदा झाला. त्यानेही भाषा गेली नाही. हुकुमाने भाषा मरत नाही, हे आयर्लंडने पाचशे वर्षे दाखवून दिले.

सोळाव्या-सतराव्या शतकांत प्रहाराचे स्वरूप बदलले. आता भाषेवर नव्हे, जमिनीवर घाव पडला. १६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत अल्स्टरचे गेलिक सरदार हरले. १६०७ मध्ये ते देश सोडून युरोपात निघून गेले. कवींना पोसणारी घराणीच उरली नाहीत. १६०९ पासून अल्स्टरमध्ये स्कॉटलंड व इंग्लंडमधील प्रोटेस्टंट वसाहतकरी आणून बसवले गेले. उत्तर आयर्लंडच्या आजच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. १६४९ मध्ये क्रॉमवेल आला. ड्रॉहेडा आणि वेक्सफर्ड येथे त्याच्या सैन्याने केलेल्या कत्तली आजही आयरिश घरांत विसरलेल्या नाहीत. १६४१ मध्ये देशातील सुमारे ६० टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १७०३ च्या सुमारास ती १४ टक्क्यांवर आली. त्यावर कळस चढवला दंडविधानांनी. बहुसंख्य कॅथलिक प्रजेला जमीन विकत घेता येईना, ३१ वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा मिळेना, शाळा काढता येईना, संसदेत बसता येईना. कॅथलिक माणसाकडे पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा असला, तर पाच पौंड त्याच्या हातावर ठेवून तो घोडा नेण्याची मुभा प्रोटेस्टंटाला होती.

लोकांनी याला दिलेले उत्तर हृद्य आहे. रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या आडोशाला, पडक्या गोठ्यात गुरुजी मुलांना शिकवीत. त्यांना 'कुंपणशाळा' म्हणत. अनवाणी शेतकऱ्यांची मुले तिथे गणित शिकत, काही ठिकाणी लॅटिनही शिकत. धर्म टिकला, विद्या टिकली. अठरावे शतक संपताना देशातील निम्म्याच्या आसपास लोक अजून आयरिश बोलत होते. संख्येने पाहिले तर ही भाषा बोलणारी माणसे त्याआधी कधी इतकी नव्हती.

मग ती गेली कशी?

१७९८ मध्ये वुल्फ टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे बंड झाले. टोन स्वतः प्रोटेस्टंट. कॅथलिक-प्रोटेस्टंट भेद मिटवून आयरिश म्हणून उभे राहावे, ही त्यांची भूमिका. बंड चिरडले गेले आणि १८०१ पासून आयर्लंडची संसद विसर्जित होऊन तो देश ब्रिटनमध्ये विलीन केला गेला. पुढचे नेते डॅनिएल ओ'कॉनेल. दंडविधानांतील शेवटची मोठी बेडी, संसदेची बंदी, त्यांनी १८२९ मध्ये तोडली. लाखोंच्या सभा शांततेने भरवणारा हा लोकनेता. त्यांची मातृभाषा आयरिश होती. परंतु सभेत ते इंग्रजीत बोलत. इंग्रजी अधिक उपयोगाची आहे, आयरिश गेली तर आपल्याला उसासा सोडावासा वाटणार नाही, असे त्यांचे मत होते. व्यवहाराच्या तराजूत घातले, तर त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नव्हते. न्यायालय इंग्रजीत, बाजार इंग्रजीत, नोकरी इंग्रजीत आणि अमेरिकेचे जहाजही इंग्रजीत.

१८३१ मध्ये सरकारी 'राष्ट्रीय' शाळा सुरू झाल्या. नाव राष्ट्रीय, माध्यम इंग्रजी. या काळातली एक लहानशी वस्तू मला कोणत्याही लढाईपेक्षा अधिक बोलकी वाटते. ती म्हणजे 'बाता स्कोर', गुणांची काठी. मुलाच्या गळ्यात दोरीने एक लाकडी काठी अडकवीत. ते आयरिश शब्द उच्चारले की काठीवर एक खाच. दिवसअखेर जितक्या खाचा, तितक्या छड्या. आपण म्हणाल, परकीय सत्तेचा जुलूम तो! पण ती काठी कोणत्याही कायद्यात नव्हती. अनेक घरांत खाच पाडणारा हात आईचा किंवा बापाचा असे. पोर घरात आयरिश बोलले, तर आई खाच पाडी आणि शाळेत गुरुजी शिक्षा करीत. ती आई वैरीण नव्हती. ज्या भाषेत तिने त्याला जोजवले, त्याच भाषेसाठी ती त्याला मार खाववीत होती, कारण आपले लेकरू आपल्यासारखे उपाशी राहू नये, एवढीच तिची इच्छा होती. किलकेनीच्या कायद्याला पाचशे वर्षांत जे साधले नाही, ते या मायेने दोन पिढ्यांत साधले.

त्यातच दुष्काळ आला. गरीब शेतकऱ्याचे संपूर्ण अन्न बटाटा होते. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला, १८४६ मध्ये पीक पूर्ण बुडाले. १८४१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५२ हजार झाली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. बंदरांतून धान्य बाहेर जातच होते. १८४७ मध्ये मका बाहेरून मोठ्या प्रमाणावर आला, हेही खरे. पण तो विकत घ्यायला पैसा कोणाकडे होता? त्या वर्षी उन्हाळ्यात सरकारने मोफत अन्नछत्रे उघडली आणि दररोज सुमारे तीस लाख लोकांना खाऊ घातले. म्हणजे सरकारला ते शक्य होते. मग काही महिन्यांतच ती छत्रे बंद केली. काही मिशनऱ्यांनी सूपाच्या वाटीबरोबर धर्मांतराची अट घातली; जे गेले त्यांना शेजारी 'सूपवाले' म्हणून हिणवीत. क्वेकर पंथीयांनी मात्र कसलीही अट न घालता अन्न वाटले, आणि आयरिश माणूस त्यांचे नाव आजही आदराने घेतो. मदतनिधी जमवणाऱ्या पहिल्या शहरांत आपले कलकत्ता होते, हेही सांगायला हवे.

या दुष्काळात लंडनच्या तिजोरीवर बसलेला अधिकारी होता चार्ल्स ट्रेव्हेलियन. हे नाव आपण ऐकले आहे. तो मेकॉलेच्या बहिणीचा नवरा. तरुणपणी कंपनीच्या बंगाल सेवेत होता आणि हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षण आणण्याच्या वादात तो मेकॉलेच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. १८३८ मध्ये त्याने त्यावर ग्रंथही लिहिला. पुढे १८५९ मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याला आयर्लंडचा दुष्काळ हा त्या समाजाला शिस्त लावणारा ईश्वरी उपाय वाटत होता आणि त्याने तसे लिहूनही ठेवले. तो लाचखाऊ नव्हता, आळशी नव्हता. रात्रंदिवस काम करी. आपल्या कर्तव्यदक्षतेविषयी त्याला शंका नव्हती, हेच अधिक भयंकर.

दुष्काळात मेला तो प्रामुख्याने पश्चिमेचा गरीब, आणि पश्चिमेचा गरीब हाच आयरिश बोलणारा होता. १८५१ मध्ये आयरिश बोलणारे सुमारे सव्वापंधरा लाख उरले. १८९१ मध्ये पावणेसात लाखांच्या आसपास. जे जगले, त्यांनी मुलांना इंग्रजी शिकवून जहाजात बसवले. आयरिश ही उपासमारीची भाषा ठरली. एका राष्ट्राने आपल्या आठवणीतली सर्वांत दुखरी जागा झाकण्यासाठी भाषेलाच मूठमाती दिली, असे मला वाटते.

पुढचा राजकीय इतिहास आपल्याला बराच परिचित आहे, कारण आपले पूर्वज तो वृत्तपत्रांतून वाचत होते. १८७९ च्या लँड लीगने कुळांना संघटित केले. मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये त्याच्याशी गावाने सर्व व्यवहार तोडले. पीक कापायला मजूर मिळेना. त्याच्या नावाचे क्रियापद झाले आणि पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या चळवळीत तेच शस्त्र 'बहिष्कार' म्हणून आपल्याकडे उगारले गेले. १८९४ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हे आयरिश संसदसदस्य होते. 'होमरूल' हा शब्दही तिथलाच. भगिनी निवेदितांचा जन्म १८६७ मध्ये डंगॅननचा. एप्रिल १९१६ मध्ये ज्या आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला, त्याच आठवड्यात बेळगावात लोकमान्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. डब्लिनमध्ये त्या वेळी कायद्याचे शिक्षण घेणारे एक तेलुगू तरुण पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. ते म्हणजे वराहगिरी वेंकट गिरी.

परंतु आपला धागा भाषेचा आहे. १८९२ च्या नोव्हेंबरात डग्लस हाइड यांनी डब्लिनमध्ये व्याख्यान दिले. विषय, आयर्लंडचे इंग्रजीकरण दूर करण्याची आवश्यकता. हाइड हे प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. लहानपणी त्यांनी खेड्यातल्या वृद्धांकडून आयरिश ऐकली आणि ती शिकले. त्यांचे म्हणणे साधे होते: तुम्ही इंग्रजांचा द्वेष करता आणि अनुकरणही त्यांचेच करता, हे कसे? १८९३ मध्ये गेलिक लीग निघाली. गावोगाव रात्रीचे वर्ग भरू लागले. कारकून, शिक्षक, दुकानातील नोकर आपल्या आजीची भाषा धुळाक्षरांपासून शिकू लागले. या वर्गांतूनच क्रांतिकारक निघाले. पॅट्रिक पिअर्स हे त्यांतले अग्रणी. १९०८ मध्ये त्यांनी सेंट एन्डाज ही शाळा काढली आणि इंग्रजी शिक्षणपद्धतीला त्यांनी खून करणारे यंत्र म्हटले. २४ एप्रिल १९१६ रोजी त्यांनी डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीसमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. पंधरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. जखमी जेम्स कॉनलींना खुर्चीला बांधून. सोळावे रॉजर केसमेंट, त्यांना ऑगस्टमध्ये फाशी. तो जाहीरनामा मी जेव्हा पाहिला, तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. मथळ्याची पहिली ओळ आयरिश, बाकी सर्व इंग्रजी. ज्या लोकांना उठवायचे, त्यांना कळणारी भाषा ती एकच उरली होती.

१९१९ मध्ये पहिली 'डॉल' भरली, तिचे कामकाज मात्र मुख्यतः आयरिशमध्ये झाले. युद्ध पेटले. १९२० मध्ये कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून वारले. दहा वर्षांपूर्वी सावरकरांना याच तुरुंगात ठेवले होते. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांनी गेले, तेव्हा मॅक्स्विनींच्या कुटुंबाची तार भारतात आली. दारात उपाशी बसण्याच्या त्या जुन्या कायद्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९२० च्याच जूनमध्ये जालंधरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीने, मायदेशातील अत्याचारांच्या निषेधार्थ, शस्त्रे खाली ठेवली. सोलनला उद्रेक झाला. जेम्स डेली या वीस वर्षांच्या सैनिकाला २ नोव्हेंबर रोजी दगशाई येथे गोळ्या घातल्या गेल्या. शिमल्याच्या वाटेवर दगशाईचा तो तुरुंग आजही उभा आहे. जाणाऱ्यांनी अवश्य पाहावा.

१९२१ च्या जुलैमध्ये डी व्हॅलेरा लंडनला वाटाघाटींसाठी गेले. त्यांनी आपले पत्र आयरिशमध्ये दिले, सोबत इंग्रजी भाषांतर. डी व्हॅलेरांचा जन्म न्यूयॉर्कचा. आयरिश त्यांनी मोठेपणी कमावलेली. समोर ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज. त्यांची मातृभाषा वेल्श! 'प्रजासत्ताक' याला तुमच्या भाषेत शब्द कोणता, असे त्यांनी विचारले आणि आपल्या सचिवाशी ते सहज वेल्शमध्ये बोलू लागले. राज्य नसलेल्या वेल्स देशाने भाषा घरात आणि प्रार्थनामंदिरात राखली होती. राज्य मागायला आलेल्यांना ती शिकून घ्यावी लागली होती.

डिसेंबर १९२१ मध्ये तह झाला. सहा परगणे तोडून उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिला. तहाच्या प्रश्नावर सहकारी सहकाऱ्यांवर तुटून पडले आणि यादवी झाली. फाळणीच्या त्या कहाणीवर स्वतंत्र व्याख्यान लागेल. १९६० च्या दशकाअखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत त्या जखमेने सुमारे साडेतीन हजार बळी घेतले, एवढेच इथे नोंदवतो.

नव्या राज्याने भाषेसाठी काय केले? सर्व काही केले. शाळेत सक्ती केली. सरकारी नोकरीला आयरिश आवश्यक केली. १९३७ च्या घटनेत, जिच्यातून आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली, आयरिश ही प्रथम राजभाषा ठरली. १९३८ मध्ये हाइड पहिले राष्ट्रपती झाले. पण मुलांनी ती परीक्षेसाठी घोकली आणि परीक्षेनंतर सोडली. सक्तीची उत्तीर्णता १९७३ मध्ये आणि नोकरीची अट १९७४ मध्ये काढावी लागली. पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत आयरिश खेडी ओस पडत राहिली. १९५३ मध्ये ग्रेट ब्लास्केट बेटावरील शेवटची माणसे हलवली गेली. २०२२ च्या जनगणनेत साडेएक्कावन्न लाखांपैकी सुमारे पावणेएकोणीस लाखांनी आपल्याला आयरिश येते, असे लिहिले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले ७१,९६८. आणि संपूर्ण बेटाची लोकसंख्या आजही १८४१ पेक्षा कमी आहे.

राज्याने आणखी एक गोष्ट गमावली, ती सांगितल्याशिवाय चित्र खरे होणार नाही. हाइड यांना भाषा ही सर्व पंथांची समान भूमी हवी होती. स्वतंत्र देशात चर्च सर्वाधिकारी झाले. अविवाहित मातांसाठीच्या अठरा आश्रमांत सुमारे नऊ हजार बालके दगावली, असे २०२१ च्या सरकारी अहवालाने सांगितले. आणि जुलै १९४९ मध्ये हाइड वारले, तेव्हा डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये अंत्यप्रार्थना झाली. कॅथलिकांनी प्रोटेस्टंट प्रार्थनेला जाऊ नये, असा चर्चचा दंडक. एखादा अपवाद वगळता देशाचे मंत्री बाहेर आपापल्या मोटारीत बसून राहिले. ज्यांच्यामुळे त्यांना आपल्या पदांची आयरिश नावे मिळाली, त्यांच्यासाठी ते देवळाची पायरी चढले नाहीत.

शेवटी एका गल्लीविषयी सांगतो. उत्तर आयर्लंडात, जिथे या भाषेला सरकारी आधार नव्हता, त्या बेल्फास्टमध्ये १९६९ च्या सुमारास काही तरुण जोडप्यांनी शॉज रोडवर जवळजवळ घरे बांधली. त्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी. आयरिश त्यांनी वर्गात शिकली होती. ठरले ते एवढेच, की या घरांत मुलांशी आयरिशमध्येच बोलायचे. मुले शाळेच्या वयाची झाली, तेव्हा १९७१ मध्ये त्यांनी स्वतःच शाळा काढली. विद्यार्थी नऊ. मान्यता नाही, अनुदान नाही. शहरात बॉम्ब फुटत होते. पालक वर्गणी काढून शिक्षकांचे पगार देत होते. सरकारने त्या शाळेला मान्यता दिली १९८४ मध्ये. तोवर त्या पहिल्या नऊ जणांची शाळा केव्हाच संपली होती, आणि ते घरी आयरिशच बोलत होते.